नळीवर नाव नसलेला माणूस

आमच्या कुरखेड्याकडे जुन्या बंदुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती येतील? शिकारीचा जमाना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपला, पण झाडीपट्टीतल्या जुन्या वाड्यांमधल्या बंदुकांच्या गोष्टी काही संपत नाहीत. त्यातही चापाभोवतीची कडी खाली-वर करून चालणारी, म्हणजे लिव्हर-ॲक्शन रायफल असेल तर विचारूच नका. सिनेमात काउबॉयच्या हातात असते ती हीच, त्यामुळे लाखाच्या खाली कुणी बोलतच नाही!

खरी किंमत कशी ठरते ते आधी सांगते. जाणकार माणूस रायफल हातात घेतो, ती रिकामी आहे ना ते बघतो आणि मग चक्क वाचायला लागतो. नळीवर कंपनीचं नाव, मॉडेल, काडतुसाचं माप आणि खाली सिरीयल नंबर. अमेरिकेत वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या म्युझियममध्ये विंचेस्टर कंपनीच्या जुन्या वह्या जपून ठेवल्या आहेत. बऱ्याच जुन्या मॉडेल्सचा नंबर कळवला की ती रायफल कारखान्यातून कधी आणि कोणत्या रूपात निघाली ते पत्राने कळतं. त्यानंतर पोलादावरचा मूळचा निळसर काळा रंग किती शिल्लक आहे ते पाहतात, आणि इथेच आपले लोक मार खातात. दिवाळीला पितळी भांडी घासावीत तशी कुणीतरी हौसेने रायफल घासून चकचकीत केलेली असते. रंगाबरोबर किंमतही घासून गेलेली असते, हे त्याच्या गावीही नसतं. शिवाय आपल्याकडे कायदाही आहे. परवान्याशिवाय चालती बंदूक ठेवता येत नाही, विकायची तर घेणाऱ्याकडेही परवाना हवा, आणि शंभर वर्षांवरची असेल तर पुरातन वस्तूंच्या १९७२ च्याच कायद्यामुळे ती आपल्या मनाने परदेशी पाठवता येत नाही. म्हणून डॉलरमधले भाव वाचून रुपयांत गुणाकार करत बसण्यात काही अर्थ नाही.

पण हे सगळं वाचताना मला एक गंमत सापडली. विंचेस्टरच्या १८८६ च्या मॉडेलच्या नळीवर कंपनीचं नाव असतं, न्यू हेवन हे गाव असतं आणि पेटंटची १४ ऑक्टोबर १८८४ ही तारीख असते. १८९४ च्या मॉडेलवर २१ ऑगस्ट १८९४ अशी तारीख असते. तारखा आहेत, पण पेटंट कुणाचं ते नाव मात्र नाही. दोन्ही तारखांमागचं डोकं एकच होतं. जॉन मोझेस ब्राउनिंग.

२३ जानेवारी १८५५ ला अमेरिकेतल्या युटा भागात ऑग्डेन नावाच्या लहानशा गावात त्याचा जन्म झाला. वडील जोनाथन बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे. मॉर्मन पंथाचे असल्यामुळे त्यांच्या तीन बायका आणि बावीस मुलं! घर म्हणजे एक वस्तीच. जॉन त्या गर्दीत वाढला, पण त्याचं सगळं लक्ष वडिलांच्या वर्कशॉपकडे. भंगारात टाकलेली नळी, लाकडाचा ओबडधोबड दस्ता आणि तार एवढ्यावर त्याने दहाव्या वर्षी स्वतःची पहिली बंदूक जमवली होती. १८६९ ला गावात रेल्वे आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा सुटली. म्हणजे आपण ज्या वयात दहावीच्या टक्क्यांचं टेन्शन घेतो, तिथे त्याचं शिक्षण संपलं होतं.

पुढे दुकानात दुरुस्तीला आलेली एक रायफल बघून तो वैतागला. याहून चांगली मी करीन असं वडिलांना म्हणाला, आणि मी जिवंत असेपर्यंत कर म्हणजे झालं, अशा अर्थाचं ते बोलले. त्याने केलीही. एका वेळी एकच काडतूस घेणारी ती रायफल साधी पण फार मजबूत होती. त्याचं पेटंट ७ ऑक्टोबर १८७९ ला मिळालं. वडील त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते.

भावांनी मिळून छोटा कारखाना टाकला आणि अशा सहाशेच्या आसपास रायफली बनवल्या. त्यातली एक फिरत फिरत विंचेस्टर कंपनीच्या एका विक्रेत्याच्या हाती लागली, त्याने ती न्यू हेवनला पाठवून दिली. आता विचार करा, देशातली सगळ्यात नावाजलेली रायफल कंपनी, आणि तिचा मोठा अधिकारी बेनेट १८८३ मध्ये स्वतः रेल्वेने ऑग्डेनला आला. दुकानातल्या पोरांशी बोलून त्याने आठ हजार डॉलरला हक्क विकत घेतले. जॉन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कामाची किंमत दुसऱ्या कुणीतरी ठरवली होती, आणि पुढची एकोणीस वर्षं हेच चाललं. तो डिझाइन द्यायचा, विंचेस्टर ठोक रक्कम द्यायची, रॉयल्टी नाही. कितीतरी डिझाइन्स कंपनीने नुसती घेऊन ठेवली, बनवलीच नाहीत. दुसऱ्या कंपनीला मिळू नयेत एवढाच हेतू!

आता आपल्या ब्रँचचा विषय. विंचेस्टरचं १८७३ चं मॉडेल प्रसिद्ध होतं, पण त्यात काडतुसामागचा बोल्ट गुडघ्यासारख्या दोन जोडकड्यांनी धरलेला असे. लहान काडतुसाला ते ठीक. मोठ्या, जोरकस काडतुसाला ती जोडणी पुरी पडत नव्हती. ब्राउनिंगने काय केलं? बोल्टच्या दोन्ही बाजूंना पोलादाच्या दोन उभ्या पट्ट्या ठेवल्या. कडी वर आणली की त्या पट्ट्या खाचांमध्ये सरकून बसतात आणि स्फोटाचा मागे येणारा धक्का त्यांच्यावर पडतो. वाड्याच्या दाराला अडसर घालतात ना, तेच तत्त्व, फक्त अडसर उभा. कडी खाली केली की अडसर निघतो, बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, घोडा चढतो. कडी वर केली की नवं काडतूस आत. हे झालं १८८६ चं मॉडेल. आणि हे सगळं नीट ड्रॉइंग न काढता! तो पत्र्याचे तुकडे कापून, ते एकमेकांवर सरकवून मेकॅनिझम जुळवायचा. इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीट्स सबमिट करताना मला त्याचा फार हेवा वाटला.

१८९२ च्या मॉडेलची गोष्ट तर भारीच आहे. बेनेटला तीच रचना लहान काडतुसासाठी हवी होती. तीन महिन्यांत दिलीस तर दहा हजार डॉलर, दोन महिन्यांत दिलीस तर पंधरा, असा त्याचा हिशोब. ब्राउनिंगने उलट सांगितलं की तीस दिवसांत देतो, वीस हजार दे. नाही जमलं तर फुकट घे. तीस दिवसांच्या आत रायफल पोचली. मग १८९४ चं मॉडेल आलं, ते सत्तर लाखांहून जास्त विकलं गेलं. म्हणून कुणाकडे १८९४ निघाली तर ती जुनी असेल, पण दुर्मिळ असेलच असं नाही. १८९५ चं मॉडेल वेगळं, त्यात काडतुसं नळीखाली एकामागे एक न राहता चापापुढच्या पेटीत एकावर एक बसतात. थिओडोर रूझवेल्टने ते आफ्रिकेच्या शिकारीत नेलं, पहिल्या महायुद्धात रशियाने जवळजवळ तीन लाख घेतली. आणि बंगळूरचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन दक्षिणेतल्या नरभक्षक वाघांमागे फिरायचे ते याच मॉडेलची .४०५ घेऊन. आपल्या देशाशी हे एवढं जवळचं नातं.

मधली दोन वर्षं तो धर्मप्रचारासाठी जॉर्जियात होता. परत आल्यावर गोळी सुटताना नळीतून निघणाऱ्या वायूने समोरचं गवत वाकतं हे त्याने पाहिलं. एवढा जोर वाया का घालवायचा, असा विचार करून त्याने त्या वायूवर चालणारी मशीनगन बनवली. हजारो लोकांनी ते गवत वाकताना पाहिलं असेल.

१९०२ मध्ये मात्र बिनसलं. आपोआप भरणारी शॉटगन त्याने विंचेस्टरपुढे ठेवली आणि या वेळी ठोक रक्कम नको, विक्रीवर रॉयल्टी हवी म्हणाला. बेनेट नाही म्हणाला. बंदूक काखेत मारून ब्राउनिंग निघाला तो रेमिंग्टनच्या ऑफिसात. तिथे भेटीची वाट बघत असताना कंपनीचे प्रमुख हार्टली हार्ट अटॅकने गेले. मग बोटीने बेल्जियम. लीएजच्या एफएन कंपनीशी पिस्तुलासाठी त्याचं आधीच जमलं होतं. ते लगेच तयार झाले, आणि तिथे बंदुकीवर नावही त्याचंच आलं. फ्रेंच भाषेत तर ब्राउनिंग म्हणजे पिस्तूल असा शब्दच रूढ झाला. मला विचाराल तर बेनेटच्या नकाराइतकी महाग पडलेली चूक त्या कंपनीने दुसरी केली नसेल.

इथे जरा थांबते. बंदूक बनवणाऱ्यावर कौतुकाने लिहिणं आमच्याकडच्या माणसाला सोपं जात नाही. १ मे २०१९ ला आमच्याच तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस जवान आणि गाडीचा चालक गेले. २८ जून १९१४ ला सारायेव्होमध्ये ज्या पिस्तुलाने ऑस्ट्रियाच्या राजपुत्राला मारलं आणि महायुद्ध पेटलं, ते पिस्तूल ब्राउनिंगच्याच डिझाइनचं होतं. मेकॅनिझम सुंदर आहे हे खरं, आणि तो कशासाठी आहे हेही खरं. मला यातलं एक लिहून दुसरं लपवता येत नाही.

१९१७ मध्ये अमेरिका त्या युद्धात उतरली. ब्राउनिंगच्या मशीनगनची चाचणी झाली. वीस हजार गोळ्या झाडल्या, काही बिघडलं नाही, म्हणून आणखी वीस हजार झाडल्या. दुसरी एक गन सलग अठ्ठेचाळीस मिनिटं चालली. सरकारने मशीनगन, ऑटोमॅटिक रायफल आणि १९११ चं पिस्तूल यांच्या हक्कांसाठी साडेसात लाख डॉलर देऊ केले. रॉयल्टीने हिशोब केला असता तर एक कोटीहून जास्त झाले असते. विंचेस्टरपुढे रॉयल्टीसाठी अडून बसलेल्या माणसाने या वेळी घासाघीस न करता सही केली. आपण पंधरा-वीस वर्षांनी लहान असतो तर तिकडे चिखलात लढत असतो, अशा अर्थाचं तो भावाला म्हणाला. त्याचा मुलगा व्हॅल खरोखरच फ्रान्समध्ये वडिलांची रायफल घेऊन आघाडीवर होता.

त्याच्या नावावर १२८ पेटंट्स जमली. तरी शेवटपर्यंत तो रोज कामावर जायचा. २६ नोव्हेंबर १९२६ ला लीएजच्या कारखान्यात काम करताना त्याच्या छातीत कळ आली, आणि व्हॅलच्या ऑफिसात त्याचा जीव गेला. वय एकाहत्तर. ज्या पिस्तुलाचं काम अर्धवट राहिलं ते सैव नावाच्या बेल्जियन इंजिनिअरने पुरं केलं आणि १९३५ मध्ये ते बाजारात आलं. तेच पिस्तूल पुढे बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत ९ एमएम १ए या नावाने तयार होऊ लागलं आणि आपल्या सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला आलं. त्याच्यावरही ब्राउनिंगचं नाव नाही.