नांगर आणि टाक

किर्लोस्कर हे नाव उच्चारताच नांगर, पंप आणि इंजिने डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु ज्या घराण्याने महाराष्ट्राला लोखंडी नांगर दिला, त्याच घराण्यातील एका पुरुषाने मराठी वाचकाला व्यंगचित्राची गोडी लावली, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. शंकर वासुदेव किर्लोस्कर हे त्यांचे नाव. नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'शंवाकि' असे म्हणत. मराठीतील अगदी आरंभीच्या व्यंगचित्रकारांत त्यांची गणना होते.

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे वडील वासुदेवराव हे तेथे डॉक्टर होते. वासुदेवरावांचे धाकटे बंधू म्हणजे पुढे विख्यात झालेले कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर. शंकररावांच्या चित्रकलेची हकिकत सांगण्यापूर्वी या काकांची हकिकत थोडी सांगितली पाहिजे. कारण एकीवाचून दुसरी नीट कळावयाची नाही.

लक्ष्मणरावांना लहानपणापासून चित्रांचा नाद होता. शाळेच्या पुस्तकांत त्यांचे मन रमत नसे. थोरल्या भावाच्या पाठिंब्याने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पेन्सिलीच्या कामात त्यांचा हात चांगला चाले. पण रंग हाती घेण्याची वेळ आली तेव्हा असे आढळून आले, की काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना कळतच नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात तो कोणता? लक्ष्मणरावांनी रंग सोडला, पण रेघ सोडली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढावयास रंग लागत नाही. लागते ती नेमकी रेघ. ती विद्या त्यांनी आत्मसात केली, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत ती शिकविली, आणि तिच्याच बळावर पुढे बेळगावात कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार केले.

पुतण्याच्या डोळ्यांत असा काही दोष नव्हता. शंकररावांना रंग दिसत होते आणि रंगांची ओढही होती. चित्रकला शिकण्यासाठी ते थेट लाहोरला गेले. आज हे शहर पाकिस्तानात आहे. त्या वेळी देश अखंड होता, तरीही घर सोडून एवढ्या दूर जाणे ही लहानसहान गोष्ट नव्हती. लाहोरला पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांची चित्रशाळा होती. सातवळेकर हे सावंतवाडीकडचे. जे. जे. कलाशाळेत तयार झालेले हे कसलेले चित्रकार पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून साऱ्या देशात गाजले व शंभरी ओलांडून १९६८ साली निवर्तले. अशा गुरूच्या हाताखाली शंकररावांनी धडे घेतले.

तैलचित्राचा अभ्यास हा धीराचा अभ्यास असतो. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर प्रकाश कोठून पडला आहे, नाकाची सावली गालावर कोठवर गेली आहे, हे तासन् तास न्याहाळावे लागते. एका रंगातून दुसरा रंग कोठे निघाला हे पाहणाऱ्याला कळता कामा नये, इतक्या हळुवारपणे कुंचला फिरवावा लागतो. हा मार्ग धरून शंकरराव राहते, तर राजेरजवाड्यांच्या तसबिरी काढणारे एक चित्रकार झाले असते. तसे झाले नाही.

१९१० साली लक्ष्मणरावांनी बेळगाव सोडले होते. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान दिले. बाळासाहेब हे स्वतः चित्रकार होते, हाही एक योगच म्हणावयाचा. त्या माळावर निवडुंग माजला होता आणि सापांचा सुळसुळाट होता. तो साफ करून तेथे कारखाना व वसाहत उभी राहिली, तीच किर्लोस्करवाडी. १९१४ च्या सुमारास शंकरराव तेथे आले आणि कारखान्याच्या मालाची विक्री व जाहिरात यांत लक्ष घालू लागले.

लाहोरहून शिकून आलेल्या चित्रकाराने नांगर विकावेत, हे वरवर पाहता विचित्र वाटते. कोणी हळहळलेही असेल. परंतु तो नांगर विकणे किती अवघड होते, हे आज सहज ध्यानात येणार नाही. पुण्याजवळच्या खराडीसारखी गावे आता शहरात मिसळून गेली आहेत. जेथे शेते होती तेथे काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत, आणि तेथील मुलांनी चालता नांगर पाहिलाही नसेल. त्या काळी मात्र शेतकऱ्याचा सारा भरवसा लाकडी नांगरावर होता. लोखंडाचा फाळ जमिनीत खोल गेला की माती विषारी होते, अशी समजूत पसरली होती. लक्ष्मणरावांचे पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. नांगर चांगला असून भागत नव्हते. तो चांगला आहे हे लोकांच्या मनात उतरवावे लागत होते. आणि ते उतरवावयाचे कसे? देशात शंभरांत दहा माणसांनाही त्या वेळी लिहितावाचता येत नव्हते. चित्र मात्र सर्वांनाच वाचता येते.

१९२० साली शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' हे लहानसे मासिक काढले. नावाप्रमाणे आरंभी ते कारखान्याची खबरबात देणारे होते. हळूहळू त्यात लेख, गोष्टी, विनोद आणि चित्रे येऊ लागली. पुढे नावातला 'खबर' हा शब्द गळाला, आणि 'किर्लोस्कर' हे मराठीतील एक अग्रगण्य मासिक बनले. याच मासिकातून शंवाकिंची व्यंगचित्रे घरोघर गेली.

येथे चित्रकाराला एक विद्या नव्याने शिकावी लागते. आणि त्याहून कठीण म्हणजे, आधी शिकलेली पुष्कळशी विद्या बाजूला ठेवावी लागते. व्यंगचित्र शिकविणारी शाळा त्या काळी महाराष्ट्रात नव्हती. लंडनचे 'पंच' नावाचे विनोदी साप्ताहिक १८४१ पासून निघत असे. मुंबईतही त्या धर्तीवर 'हिंदी पंच' निघे. अशी पत्रे पाहावयास मिळत. परंतु मराठी माणूस, त्याची पगडी, त्याचे उपरणे, त्याचे रुसणे आणि त्याचा तोरा दाखविणारा कित्ता मराठीत तयार नव्हता. तो घालून द्यावयाचा होता.

मासिकात चित्र छापण्याची त्या वेळची रीत समजून घेतली, म्हणजे ही विद्या कोणती ते कळेल. चित्रकार जाड पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने चित्र काढी. त्याचे छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवीत. मग तो पत्रा आम्लात ठेवीत. रेघांच्या जागा रसायनाने झाकलेल्या असत, त्या तशाच उंच राहत. बाकीचा भाग आम्लाने खाल्ला जाऊन खोल होई. असा ठसा, म्हणजेच ब्लॉक, अक्षरांच्या खिळ्यांबरोबर यंत्रात बसवून छापीत. या ठशात काळे आणि पांढरे एवढेच उमटे. लाहोरच्या चित्रशाळेतील कोवळी सावली तेथे निरुपयोगी. सावली दाखवावयाची तर बारीक रेघा शेजारी शेजारी ओढाव्यात. नाही तर सरळ काळे करून टाकावे.

हत्यारही बदलले. कुंचल्याच्या जागी टाक आला. टाकाची जीभ दाबली की रेघ जाड होते, हात हलका केला की ती बारीक होते. बोरूने वळणदार अक्षर काढणाऱ्याला ही किमया ठाऊक असते. तैलचित्रात रंगावर रंग चढवून चूक झाकता येते. टाकाच्या रेघेला ती सवलत सहसा मिळत नाही. म्हणून व्यंगचित्रकार आधी पेन्सिलीने फिकट आकार मांडतो. डोक्यासाठी एक वर्तुळ, पोटासाठी दुसरे, आणि माणूस ताठ उभा आहे की वाकला आहे हे सांगणारी पाठीच्या कण्याची एक रेघ. एवढ्यावरून माणसाचा नूर ठरतो. मग टाकाने ठाम रेघ ओढावयाची आणि पेन्सिलीच्या खुणा पुसून टाकावयाच्या. काय काढावे यापेक्षा काय गाळावे, हेच येथे अधिक कठीण. डोळ्यांसाठी दोन ठिपके पुरतात, भुवईची एक तिरकी रेघ राग दाखविते, तीच उलटी फिरविली की माणूस केविलवाणा दिसू लागतो.

पुढे चित्रपटांतही हेच झाले. १९२८ साली अमेरिकेत वॉल्ट डिस्ने व त्यांचे सहकारी अब आयवर्क्स यांनी मिकी हा उंदीर पडद्यावर आणला. त्याचे डोके आणि कान ही नुसती वर्तुळे होती. हातपाय तर रबरी नळीसारखे, कोपर वा गुडघा नसलेले. बोलपटाच्या पडद्यावर एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. एवढी चित्रे काढावयाची, तर आकृती सोपीच हवी. तेथे घाई होती, येथे जस्ताचा ठसा होता. आकृती दोन्हीकडे साधी झाली. आजही हौशी मुले ती जुनी गोल गोल पात्रे गिरवितात, तेव्हा त्यांच्या हाताला हेच वळण लागत असते.

व्यंगचित्र या शब्दाविषयी मात्र एक गैरसमज आहे. वर्गातील एखाद्या मुलाचे मोठे कान किंवा बसके नाक काढून त्याला चिडविणे, याला काही मुले व्यंगचित्र समजतात. ते व्यंगचित्र नव्हे. तो निव्वळ खोडसाळपणा होय. शरीराचे व्यंग माणसाने स्वतः ओढवून घेतलेले नसते. त्याच्या वागण्यातील व्यंग त्याचे स्वतःचे असते, आणि समाजाच्या वागण्यातील व्यंग आपणा सर्वांचे असते. शंवाकिंचा टाक या दुसऱ्या प्रकारच्या व्यंगावर चालला. 'किर्लोस्कर' मासिकाने जातिभेद, अंधश्रद्धा आणि जुनाट रूढी यांवर उघड टीका केली. स्वातंत्र्यवीर सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचा पुरस्कार करणारे लेख याच मासिकातून आले. असे लेख वाचून अनेकांची मने दुखावत. चित्राचा गुण असा, की ज्याला ते लागावयाचे त्याला लागतेच. पण रागावण्यापूर्वी तो क्षणभर हसलेला असतो. हे हसू मिळविणे सोपे नाही. दोन रेघा अधिक झाल्या तर चित्र शिवी बनते. दोन उणी पडल्या तर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

१९३० साली शंकररावांनी 'स्त्री' हे मासिक सुरू केले व १९३४ साली 'मनोहर'. स्त्रियांनी आपले मन मोकळे करावे अशी जागा त्या काळी फार थोडी होती. 'स्त्री'ने ती दिली. या तिन्ही मासिकांच्या नावांतील अक्षरे जुळवून पुढे 'किस्त्रीम' हे गमतीदार नाव रूढ झाले. लोखंडाच्या भट्ट्यांशेजारी, शहरापासून दूर, एका लहानशा वसाहतीतून ही मासिके निघत आणि आगगाडीने महाराष्ट्रभर जात. कालांतराने त्यांचे कार्यालय पुण्यास आले आणि संपादनाची धुरा शंकररावांचे चिरंजीव मुकुंदराव यांनी उचलली. शंकररावांनी उद्योग आणि व्यापार यांवरही पुस्तके लिहिली, व उतारवयात 'शंवाकीय' या नावाने आपले आत्मचरित्र लिहिले. १ जानेवारी १९७५ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या व्यंगचित्रांचा संग्रह पुस्तकरूपाने निघाला आहे. त्याला त्यांनी 'टाकांच्या फेकी' असे नाव दिले.