आगरकर नव्हे, आघारकर

पुण्यात कुणाला आघारकर संस्थेचा पत्ता विचारला, की समोरचा माणूस हमखास ‘सुधारक’कार आगरकरांविषयी बोलू लागतो. त्याला दोष तरी कसा द्यावा? संस्था आहे तो रस्ताच गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा! विद्यार्थिदशेत मी प्रथम तिथे गेलो, तेव्हा शंकर पुरुषोत्तम आघारकर हे नाव मलाही ठाऊक नव्हते. आणि गेलो होतो तोही ज्ञानाच्या ओढीने नव्हे, फजिती निस्तरायला.

औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी रास्ना घेतली होती. आमवाताने सांधे सुजले की वैद्य रास्नेचा काढा देतात. ती सूज प्रयोगशाळेत खरोखर उतरते का, हे पाहायचे होते. पद्धत जगभर रूढ असलेलीच. तांबड्या समुद्रशेवाळापासून काढलेले कॅरेजिनन पांढऱ्या उंदराच्या मागच्या तळपायात टोचायचे. तीन-चार तासांत पाय टम्म फुगतो. तो ठरावीक खुणेपर्यंत पाऱ्यात बुडवायचा आणि पारा किती वर चढला त्यावरून सूज मोजायची. काही उंदरांना आधी आपला अर्क पाजलेला, काहींना इंडोमेथॅसिन, काहींना नुसते पाणी. दिवसभर पाय आणि पारा, दुसरे काही नाही.

माझ्या पहिल्या पुड्यातल्या रास्नेने सूज छान उतरवली. पुडा संपला, दुसरा आणला, आणि सूज हटेचना! सहा महिन्यांचे आकडे एकमेकांशी भांडू लागले. तेव्हा मार्गदर्शकांनी दोन्ही पुड्यांतले उरलेले तुकडे देऊन मला महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत पाठवले. संस्थेचे त्या वेळचे नाव तेच. आघारकरांचे नाव तिला 1992 साली मिळाले.

तिथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पहिल्या तुकड्याचा पातळ छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मुळाभोवती स्पंजासारखे आवरण होते. झाडावर वाढणाऱ्या आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, हवेत लोंबणारे मूळ होते ते. दुसऱ्या पुड्यातली मुळे भलत्याच कुळातली निघाली. बंगालकडे एका आमरीला रास्ना म्हणतात, उत्तरेत सूर्यफुलाच्या कुळातल्या एका झुडपाला, तर दक्षिणेत कुलिंजनाच्या कंदाला. दुकानदाराने मला फसवलेही नसेल. मग त्यांनी त्या झाडाचा वाळवलेला नमुना मागितला, पानाफुलांसकट. माझ्याकडे कुठला असणार? ते रागावले नाहीत. कपाट उघडून जुने नमुने दाखवू लागले, आणि दाखवता दाखवता आघारकरांविषयी सांगू लागले. पुढे मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

मालवणात 18 नोव्हेंबर 1884 रोजी जन्मलेले आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले, तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले आणि सवड मिळेल तशी सह्याद्रीची पायपीट करू लागले. 1911 च्या सुमारास तिथल्या वाहत्या गोड्या पाण्यात त्यांना जेलीफिश सापडला! तोवर त्या जातकुळीचा जेलीफिश फक्त आफ्रिकेतला म्हणून माहीत होता. पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापकपद दिले. अभ्यासासाठी ते जर्मनीत गेले आणि 1914 चे महायुद्ध पेटले. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते तिथे स्थानबद्ध झाले. दुसरा कुणी खचला असता. हे सुटल्यावर तिथेच राहून बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतले. विषय होता वायव्य हिंदुस्थानच्या रखरखीत प्रदेशातल्या वनस्पती कशा पसरतात, हा.

नंतर 1946 पर्यंत कलकत्ता. साठी उलटलेली, निवृत्ती झालेली. अशा वयात माणूस पेन्शनीत पुण्याची हवा खातो. आघारकरांनी त्याच वर्षी इथे विज्ञानवर्धिनी उभी केली आणि 2 सप्टेंबर 1960 रोजी निधन होईपर्यंत तिचे संचालकपद सांभाळले.

औषधांची परीक्षा हा त्यांचा विषय नव्हता. कोणते झाड कुठे उगवते, हे पाहून नोंदवणे हा होता. बिनचमकदार काम! लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतून 1973 साली हळदीतल्या कुर्क्युमिनचा सूज उतरवण्याचा गुण प्रसिद्ध झाला, त्याचा केवढा गाजावाजा झाला! पण हळद घरातले पोरही ओळखते. रास्नेचे तसे नाही. तिथे आधी आघारकरांच्या जातीचा माणूस लागतो, उंदीर नंतर.

मी सहा महिन्यांचे आकडे बाजूला ठेवले. पुढच्या उन्हाळ्यात कोकणातल्या एका आंब्यावरून ती आमर स्वतः उतरवली, फुलांसकट. रद्दी वर्तमानपत्रांत दाबून वाळवली. पुठ्ठ्यावर चिकटवून खाली गाव, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिले, आणि ओळख पटवून घ्यायला ती आगरकर रस्त्यावर नेली. शिक्का मिळाल्यावर नव्याने उंदीर मागवले.