मौलाना आझाद आणि न आलेला तिसरा खंड

मार्कंड्याच्या यात्रेला एकदा तरी गेलेल्या माणसाला मार्कंडेय ऋषींची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. सोळाच वर्षांचे आयुष्य घेऊन आलेला मुलगा, शिवलिंगाला मारलेली मिठी आणि रित्या हाताने परतलेला यम. वैनगंगेच्या काठचे आम्ही सगळे, हिंदू असोत की मुसलमान, वागतो मात्र असे, की यम जणू आपल्याही दारातून तसाच परत गेला आहे. हे काम यात्रेनंतर, ते धान निघाल्यावर, आणि कुरआन अर्थासह वाचणे पुढच्या रमजानला. अशा वेळी मला मौलाना अबुल कलाम आझाद आठवतात. एवढ्या मोठ्या माणसाचेही एक काम असेच राहून गेले, आणि ते कुरआनचेच होते.

आझादांचा जन्म 11 नोव्हेंबर 1888 चा, मक्केतला. वाढले कलकत्त्यात. जुलै 1912 मध्ये त्यांनी ‘अल-हिलाल’ साप्ताहिक काढले तेव्हा चोविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. सरकारने 1914 मध्ये ते बंद पाडले, तर पुढच्या वर्षी ‘अल-बलाग’ निघाले. याच काळात त्यांनी जाहीर करून टाकले, की आपण कुरआनचा उर्दू अनुवाद आणि भाष्य देणार आहोत. वाचक वाट पाहू लागले. पण 1916 मध्ये सरकारने त्यांना बंगालबाहेर काढले आणि रांचीत नजरकैदेत ठेवले. झडतीत हस्तलिखिते गेली. त्यांनी पुन्हा लिहायला घेतले. डिसेंबर 1921 मध्ये पुन्हा अटक झाली, पुन्हा कागद जप्त झाले, आणि सुटकेनंतर हाती आला तो फाटक्या, उलटसुलट पानांचा ढीग.

इथपर्यंत दोष सरकारचाच. नंतरची काही वर्षे मात्र वेगळी होती. हात त्या कागदांकडे वळेना. काँग्रेस होती, खिलाफतीचे काम होते, 1923 मध्ये पस्तिशीच्या आत काँग्रेसचे अध्यक्षपद आले. दिवस भरलेलाच होता. एकदा मोडलेले काम पुन्हा हाती घेणे नव्या कामापेक्षा जड असते. त्यांनी स्वतःही ही उदासी लपवली नाही. 1927 मध्ये ते पुन्हा बसले आणि 1930 मध्ये मसुदा संपवला. ‘तर्जुमान-उल-कुरआन’चा पहिला खंड 1931 मध्ये आला, दुसरा 1936 मध्ये. कुरआनच्या 114 सूरांपैकी पहिल्या तेवीस त्यांत आल्या. पानांच्या हिशेबाने हा निम्म्याहून अधिक कुरआन आहे. पहिल्या खंडातले सूरह फातिहावरचे भाष्य तर स्वतंत्र ग्रंथाच्या तोलाचे आहे. उरला तिसरा खंड. त्यावर शेवटचा हात फिरवायचा होता.

मग तो वेळ मिळाला. 9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पहाटे उचलले आणि अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. एप्रिल 1945 पर्यंत, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ, त्यांचा मुक्काम तिथेच होता. 1942, 43 आणि 44 असे तीन रमजान त्या तटबंदीत गेले. सभा नाहीत, भेटी नाहीत, प्रवास नाही. सोबतीच्या नेहरूंनी याच किल्ल्यात 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबरात ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले. आचार्य नरेंद्र देव बौद्ध ‘अभिधर्मकोशा’च्या अनुवादाला बसले.

आझाद रोज पहाटे तीन-चारला उठत. सध्या आपल्या घरांत सहेरीसाठी चूल पेटते, तीच वेळ. चहा स्वतः करत, मोगऱ्याच्या वासाचा चिनी चहा, बिनदुधाचा. चहात दूध घालणाऱ्यांबद्दल त्यांचे मत फारसे बरे नव्हते. मग लेखणी. एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्याला पत्नी झुलेखा बेगम मरणपंथाला लागल्या. भेटीसाठी सरकारकडे अर्ज करायला त्यांनी नकार दिला. 9 एप्रिलला त्या गेल्या. त्या दिवसांतही उठण्याची, जेवणाची, लिहिण्याची वेळ त्यांनी ढळू दिली नाही. मात्र आतून आपण काय होतो आणि हे सारे वरवरचे कसे होते, हेही त्यांनी लिहून ठेवले. मला ते पान त्यांच्या कोणत्याही भाषणापेक्षा मोठे वाटते.

पण त्या पहाटेच्या तासांत लिहिले काय? पत्रे. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना, टपालात कधीच न पडलेली पत्रे: चहावर, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांवर, फुलांवर, संगीतावर, ईश्वरावर. ती 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ नावाने छापली गेली आणि उर्दू गद्याचे लेणे ठरली. तिसरा खंड तसाच राहिला. म्हणजे अडचण नुसत्या वेळेची नव्हती. ज्याचे कुणाला वचन दिले नव्हते ते हातून झाले, आणि ज्याची वाट लोक 1915 पासून पाहत होते ते राहिले. त्या पत्रांवाचून उर्दू गरीब राहिली असती हे मान्य करूनही मला वाटते, की तीन रमजानांतला एक तरी त्या कामाला द्यायला हवा होता.

स्वातंत्र्यानंतर ते शिक्षणमंत्री झाले. विद्यापीठ अनुदान आयोग, खरगपूरची आयआयटी, साहित्य अकादमी ही त्या कारकिर्दीतली कामे, आणि ती कमी नाहीत. संध्याकाळी हुमायून कबीर यांना आठवणी सांगत, त्यांचे एक पुस्तक झाले. आयुष्याच्या पूर्वार्धाचा आणि शेवटच्या वर्षांचा असे आणखी दोन खंड करायचे होते. 22 फेब्रुवारी 1958 रोजी आझाद गेले. तेही राहिले.

‘तर्जुमान’ची अर्पणपत्रिका मात्र 1931 मध्येच लिहून झाली होती. 1918 च्या डिसेंबरात, रांचीला, इशाची नमाज आटोपून मशिदीबाहेर पडताना एक माणूस कांबळे पांघरून मागे मागे आला. गरीब होता. कंदहारहून क्वेट्ट्यापर्यंत पायी आला होता, तिथून आग्र्यापर्यंत व्यापाऱ्यांचा नोकर म्हणून, आणि आग्र्याहून रांचीपर्यंत पुन्हा पायी. ‘अल-हिलाल’ आणि ‘अल-बलाग’ त्याने अक्षर न् अक्षर वाचले होते आणि कुरआनातल्या काही जागा त्याला समजून घ्यायच्या होत्या. काही दिवस राहिला आणि एकदा न सांगताच निघून गेला. मौलाना परतीचे पैसे देऊ करतील, असा त्याला संकोच असावा. ग्रंथ तेव्हा छापला गेला नव्हता. तेरा वर्षांनी छापून झाला तेव्हा आझादांनी तो त्या माणसाला अर्पण केला. नाव घातले नाही, कारण तोवर ते विसरले होते, आणि तो जिवंत आहे की नाही हेही त्यांना ठाऊक नव्हते.