देहूच्या कीर्तनात विसावलेली बहिणा

बहिणाबाई म्हटलं की आपल्याला आठवतात त्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी. ही बहिणा त्यांच्याही अडीचशे वर्षं आधीची. १६२८ साली वेरूळजवळच्या देवगावात जन्मली. शिऊरच्या गंगाधरपंत पाठकांशी लग्न झालं तेव्हा ही खेळायच्या वयाची आणि नवरा तिशीतला, तोही बिजवर!

पुढे गाव सुटलं. आईवडील, नवरा असं सगळं बिऱ्हाड हिंडत हिंडत कोल्हापूरला आलं. तिथे जयरामस्वामींची कीर्तनं चालत. अकरा वर्षांची बहिणा ऐकायला जाई आणि तिच्या मागोमाग घरच्या कपिलेचं वासरू. लोक बोलायला लागले. नवऱ्याने वेणी धरून मारलं, बांधून घातलं. त्यातच वासरू गेलं. बहिणा बेशुद्ध पडली. त्या अवस्थेत तिला तुकोबा दिसले. कधी पाहिले नव्हते, अभंग तेवढे कीर्तनात कानावर पडले होते.

ब्राह्मणाच्या बायकोने वाण्याला गुरू मानावं, हे नवऱ्याला कसं सोसणार? गरोदर बायकोला सोडून तो निघणारच होता. पण तापाने महिनाभर अंथरुणाला खिळला, तिने सेवा केली आणि त्याचं मन फिरलं. तोच तिला देहूला घेऊन आला.

आज चाकण-तळवड्याचे कारखाने मागे टाकून आपण देहूत शिरतो. तेव्हा होती ती इंद्रायणी आणि विठ्ठलाचं देऊळ. ही मंडळी पोचली तेव्हा तुकोबा आरती करत होते. मंबाजीने इथेही छळलं, त्यांची गाय बांधून बेदम मारली. पण देवळात रोज कीर्तन होतं. टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं की ऐकणाराही गायला लागतो. एकटीचा हुंदका त्यात कुणाला ऐकू येत नाही. मला वाटतं, तिला हवी होती ती हीच जागा. मुलगी काशीही तिला देहूतच झाली.

पुढे तिने स्वतःची सगळी हकिगत अभंगांत लिहिली, मारहाणीसकट. पतिव्रताधर्मावरही तिचे अभंग आहेत. मार खाल्लेल्या बाईने ते लिहावेत, हे आज वाचताना टोचतं. पण नवऱ्याचा मार तिने झाकून ठेवला नाही, आणि तोही सतराव्या शतकात.

१७०० साली शिऊरला ती गेली. त्याआधी मुलाला, विठोबाला, जवळ बसवून तिने आपले मागचे बारा जन्म सांगितले. तेही अभंगांतच.