बायकोऐवजी स्वतःची नसबंदी करून घेणारे र. धों. कर्वे

1891 साली राधाबाई कर्वे बाळंतपणात गेल्या. वय अवघं 27. त्यांचे पती धोंडो केशव, म्हणजे आपले महर्षी कर्वे, पुढे 104 वर्षांचे होऊन 1962 साली वारले. संसार दोघांचा, मूल दोघांचं, पण त्यासाठी जीव पणाला लागला तो एकटीचा.

त्या वेळी त्यांचा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. 14 जानेवारी 1882 ला मुरूडला जन्मलेला हा पोरगा पुढे मॅट्रिकला पहिला आला, गणिताचा प्राध्यापक झाला, शिकायला पॅरिसला जाऊन आला. आणि 1921 मध्ये त्यानं मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचं केंद्रही त्याच वर्षी सुरू झालं, म्हणजे मुंबई काही मागे नव्हती.

बाईला गरोदरपणात झटके येऊ शकतात, बाळंतपणात रक्तस्राव होतो, नंतर ताप चढतो. शिवाय पाठोपाठच्या बाळंतपणांनी अंगात रक्त उरत नाही. मूल होण्यात पुरुषाच्या शरीराला यातलं काहीच सोसावं लागत नाही. मूल नको असेल तर? तिथेही बाईचं पोट उघडावं लागतं, म्हणजे भूल आली, आतल्या अवयवाला इजा व्हायची भीती आली. पुरुषाचं काम त्या मानानं किरकोळ. जागा बधिर करायची, छोटासा छेद घ्यायचा, वीर्यनलिका बांधायची. पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरायचं, एवढंच पथ्य.

गणिताच्या माणसाला हा हिशोब समजायला कितीसा वेळ लागणार! कर्वेंनी पत्नी मालतीबाईंना टेबलावर झोपवलं नाही, स्वतःच ऑपरेशन करून घेतलं. मर्दानगीच्या कल्पना बघता त्या काळात हे धाडसच होतं. आजही भिवंडीपासून चंद्रपूरपर्यंत ऑपरेशनचा विषय निघाला की घरात बाईचंच नाव पुढे येतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के निघालं. पुरुषांचं 0.3 टक्के.

या कामाची किंमत कर्वेंनी पुरेपूर मोजली. हे काम सोडा, असं सांगण्यात आलं तेव्हा त्यांनी विल्सन कॉलेजची नोकरी सोडली. जुलै 1927 ला ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात तर बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते, तरी दंड भरावाच लागला. पैसे कधीच पुरले नाहीत, पण मासिक निघत राहिलं आणि मालतीबाई या सगळ्यात सोबत राहिल्या.

1952 साली भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. 14 ऑक्टोबर 1953 ला कर्वे गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा नोव्हेंबरचा अंक त्यांच्यामागे निघाला, तो शेवटचा. वडील तेव्हा हयात होते, वय 95.