गोष्ट सांगणाऱ्या गुरुजींची गोष्ट

आमच्या तालुक्याच्या गावी दर हिवाळ्यात दोन दिवसांचं साहित्य संमेलन भरतं. मोठ्या मंडपात परिसंवाद, कविसंमेलन, सत्कार, हारतुरे. आणि मागच्या बाजूला, शाळेच्या दोन वर्गखोल्यांत, मुलांचा विभाग. सकाळी कथाकथन, दुपारी लेखन. ही बाजू गेली सहा वर्षं आम्ही महिला मंडळाच्या चौघीजणी सांभाळतो. सतरंज्या अंथरण्यापासून खिचडीपर्यंत सगळं आमच्याकडे. (खरं सांगायचं तर मोठ्या मंडपापेक्षा आमच्याकडेच गर्दी जास्त असते. पण ते स्वागताध्यक्षांना सांगायचं नाही!)

यंदा विषय साने गुरुजींचा घेतला होता. मी गुरुजींची गोष्ट सांगायची आणि मग मुलांनी आपापल्या घरातली एक खरी गोष्ट लिहायची, असं ठरलं होतं. मी पालगडपासून सुरुवात करून पंढरपूरपर्यंत आले. शेवटी, १९५० साली गुरुजी गेले, एवढं म्हणून हात जोडले. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या पाचवीतल्या मुलीने हात वर केला. गुरुजी कशाने गेले, असं तिने विचारलं.

आजारी होते, असं म्हणून मी कागद वाटायला घेतले.

रात्री भांडी आवरताना ते उत्तर टोचायला लागलं. मुलांशी खरं वागावं म्हणून ज्या माणसाने आयुष्य वेचलं, त्याच्याच बाबतीत मी मुलीला थाप मारून आले होते. बरं, खरं सांगायचं तर ते कसं? म्हणून मैत्रिणींनो, ही गोष्ट मी पुन्हा पहिल्यापासून मनाशी मांडून बघितली. तुम्हालाही सांगते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला झाला. घराणं खोतांचं, म्हणजे एके काळी चांगलं खातंपितं. पण पांडुरंगाने डोळे उघडून पाहिलं तोवर ते वैभव उतरणीला लागलं होतं. कर्ज वाढत गेलं, राहतं घरही गेलं. आई यशोदाबाईंनी हे सगळं सोसलं आणि तशात मुलांना वाढवलं. मुलगा शिकायला बाहेर पडला. आधी दापोलीला, मग अर्धपोटी राहून औंधला आणि नंतर पुण्याला. तो घरापासून दूर असतानाच १९१७ मध्ये आई गेली. शेवटची भेट झाली नाही. त्या वेळी तो जेमतेम सतरा-अठरा वर्षांचा होता. ही चुटपुट पुढे त्यांच्या पानापानांतून दिसते.

'श्यामची आई' आपण सगळ्यांनीच वाचलेलं असतं, निदान शाळेत एखादा धडा तरी. पण लग्नानंतर, स्वतः आई झाल्यावर, ते पुन्हा वाचून पाहा. मी वाचलं तेव्हा मला आधी रागच आला होता. आदर्श आई म्हटलं की ती राबणार, उपाशी राहणार, तक्रार करणार नाही! हे पुस्तक कितीतरी घरांत सुनांना ऐकवायला वापरलं गेलं असेल. पण शांतपणे वाचलं तर त्यातली आई काही नुसती सोशीक नाही. मुलगा पोहायला घाबरतो म्हणून ती त्याला फोकाने बडवून विहिरीवर पाठवते. सावकाराच्या माणसाने तोंड टाकलं तर त्याला फटकारते. आणि भाजीत मीठ विसरलं असताना नवरा एक शब्द न बोलता जेवून उठतो, ती अळणी भाजीची गोष्ट तर मला वाटतं बायकांपेक्षा पुरुषांनी वाचायची आहे.

शिक्षण संपवून साने अमळनेरला आले. आले ते तत्त्वज्ञान मंदिरात, वेदान्त वगैरेच्या अभ्यासाला. पण तिथल्या शांततेत काही रमले नाहीत. १९२४ मध्ये ते तिथल्याच शाळेत शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे आलं. इथून पांडुरंग साने यांचे साने गुरुजी झाले.

खान्देशातल्या खेड्यापाड्यांतून आलेली ही मुलं. घरची आठवण काढून रडणारी, अंथरूण न आवरणारी, कपडे कुठेही टाकणारी. आपल्या घरातही असतातच की! गुरुजींनी ओरडाआरडा केला नाही, छडी काढली नाही. ते स्वतः मुलांच्या खोल्या झाडू लागले, अंथरुणांच्या घड्या घालू लागले, मळके कपडे धुऊ लागले. काही दिवसांनी मुलंच लाजली आणि आपापलं काम करू लागली. आजारी मुलाच्या उशाशी ते आईसारखे बसत. स्वतः अविवाहित, पण आईपण त्यांनी असं निभावलं. आईकडून घेतलेलं सगळं ते या परक्या मुलांना देत होते.

आणि गोष्टी! वर्गात, वसतिगृहात, फिरायला जाताना गोष्टी. मुळात हा माणूस लाजाळू, चारचौघांत बोलायला बिचकणारा. पण मुलं समोर बसली की बोलणं सुरू व्हायचं. आता आपल्याकडच्या कथाकथन स्पर्धा आठवून पाहा. मूल आईने लिहून दिलेली गोष्ट पाठ करून येतं, हातवारेही बसवलेले असतात. मध्येच एक वाक्य विसरलं की ते रडवेलं होऊन मागे बसलेल्या आईकडे बघतं आणि आई ओठ हलवून वाक्य पुरवते. मीसुद्धा माझ्या मुलाच्या वेळी पुरवलेलं आहे, खोटं कशाला बोलू. आम्ही गेल्या तीन वर्षांपासून नंबर काढणं बंद केलं, त्यावरून मंडळात केवढं वादळ झालं होतं. गुरुजींच्या गोष्टींना नंबर नव्हता. सांगणाऱ्याचे डोळे भरून यायचे आणि ऐकणाऱ्यांचेही.

लिहिण्याचंही तसंच. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं. दैनिक बरं का, रोजचं! पहाटे उठून स्वतःच्या हाताने लिहून काढायचं आणि मुलं उठली की त्यांच्यापुढे ठेवायचं. आजूबाजूला काय घडलं, थोरामोठ्यांचं एखादं चरित्र, एखादा विचार, एखादी कविता असं त्यात असे. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक काढलं. मुलं लिहीत नाहीत, वाचत नाहीत, मोबाइल सोडत नाहीत, म्हणून आपण मंचावरून हळहळतो. पण आपण घरात कधी मुलांसमोर बसून चार ओळी लिहितो का? किराणा मालाची यादी सोडून?

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. मुलांना सोडून जाणं त्यांना फार जड गेलं. मग तुरुंगवास सुरू झाला. धुळ्याचा तुरुंग, त्रिचनापल्लीचा, पुन्हा धुळे, नाशिक. त्रिचनापल्लीला इतर प्रांतांतले कैदी भेटले. वेगवेगळ्या भाषा कानावर पडल्या आणि भारतातल्या भाषांनी एकमेकींना ओळखावं, ही 'आंतरभारती'ची कल्पना तिथे रुजली. तमिळमधला 'कुरल' हा ग्रंथ त्यांनी पुढे मराठीत आणला. धुळ्याला १९३२ मध्ये विनोबाजी दर रविवारी कैद्यांसमोर गीतेवर बोलत. ते शब्द गुरुजींनी भराभर टिपून घेतले, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे.

आणि नाशिकच्या तुरुंगात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, 'श्यामची आई'. दिवसभर तुरुंगातलं काम आणि रात्री-पहाटे लेखन. बहुतेक सगळं पुस्तक अवघ्या पाच दिवसांत लिहून झालं! पुस्तकाची मांडणीही गोष्टीवेल्हाळ माणसाचीच. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणून त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. १९३५ मध्ये पुस्तक छापून आलं. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. ते पाहायला गुरुजी नव्हते.

मधल्या वर्षांत गुरुजी शेतकऱ्यांत, गिरणी कामगारांत वावरले. 'काँग्रेस' नावाचं साप्ताहिक चालवलं. १९४२ च्या चळवळीत भूमिगत राहिले, पकडले गेले. हा भाग मी मुलांना थोडक्यातच सांगते.

पंढरपूर मात्र सविस्तर सांगते. 'श्यामची आई'मध्ये एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी खाली पडलेली एक म्हातारी दलित बाई. शिवायचं नाही म्हणून कुणी मदत करत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि येऊन आंघोळ कर. त्या काळची ती बाई, आंघोळ कर म्हणाली. पण मुलाला आधी जायला सांगितलं. मुलगा मोठा झाला आणि त्याने ती आंघोळही पुसून टाकली. विठोबाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी महिनोन् महिने महाराष्ट्रभर दौरा केला. ठिकठिकाणी विहिरी आणि देवळं खुली झाली. पंढरपुरात १ मे १९४७ ला त्यांनी उपोषण सुरू केलं. त्यासाठी तनपुरे महाराजांच्या मठाने जागा दिली. दहा दिवसांनी ते सुटलं आणि मंदिराची दारं उघडली. आज आपण वारीत किंवा एसटीने जाऊन रांगेत उभ्या राहतो तेव्हा हे कुणाच्या ध्यानात असतं?

पुढच्याच वर्षी, जानेवारी १९४८ मध्ये, गांधीजींची हत्या झाली. गुरुजी आतून हलले. त्यांनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं. पण हात थांबले नाहीत. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. ते आजही निघतं. त्यात ते आपल्या पुतणीला पत्रं लिहीत. फुलं, पाखरं, पाऊस, माणसं, देश असं सगळं त्यात यायचं. 'सुंदर पत्रे' या नावाने ती पुढे पुस्तकात आली. घरात वाढत्या वयाची मुलगी असेल तर जरूर आणा.

ही पत्रं लिहिणाऱ्या माणसाने ११ जून १९५० रोजी झोपेच्या गोळ्या घेऊन आपलं आयुष्य संपवलं. वय पन्नास.

मला नेमकं इथेच अडायला होत होतं. मोठमोठ्या लेखांतही हा भाग एका ओळीत उरकतात किंवा त्याला काहीतरी उदात्त रूप देतात. मला दोन्ही पटत नाही. मी ज्या केंद्रात जाते तिथे अशा घरांतल्या बाया येतात. आत्महत्येत उदात्त काही नसतं आणि लाज वाटण्यासारखंही काही नसतं. ते एक फार मोठं दुखणं असतं. दुसऱ्यांचे डोळे पुसणाऱ्या माणसाकडे आपण कधी त्याचे डोळे ओले आहेत का म्हणून बघत नाही. घरातल्या आईकडे तरी कुठे बघतो? गुरुजींच्या मनात शेवटी काय होतं ते त्यांच्याबरोबरच गेलं.

त्यांच्यामागे राहिलेल्यांनी मात्र फार चांगलं काम केलं. प्रकाशभाई मोहाडीकर यांनी साने गुरुजी कथामाला सुरू केली आणि शाळाशाळांतून मुलांना गोष्टी सांगणारी माणसं उभी राहिली. गावोगावच्या संमेलनांत आता जे बालकथाकथन होतं त्याची मुळं बरीचशी तिथे आहेत. अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९५२ मध्ये झालं आणि त्यानंतर थेट २०२४ मध्ये. तेव्हा साने गुरुजींचं नाव घेतल्याशिवाय तिथे कुणाचं पान हललं नसेल.

तर आमच्या संमेलनाचा दुसरा दिवस. मुलांनी लिहिलेले कागद वाचून दाखवायचे होते. ती मुलगी लवकरच आली होती. मी तिला पायरीवर शेजारी बसवलं आणि म्हटलं, काल मी तुला बरोबर सांगितलं नव्हतं. गुरुजींचं मन फार दुखत होतं आणि त्यांनी स्वतःच आपला जीव घेतला. असं दुखत असताना कुणाला तरी सांगायला हवं असतं, मोठ्या माणसांनीसुद्धा. त्या वेळी त्यांनी ते सांगितलं असतं तर कदाचित आणखी कितीतरी गोष्टी आपल्याला मिळाल्या असत्या.

ती घाबरली नाही. रडलीही नाही. थोडा वेळ बुटाच्या टोकाने माती उकरत बसली. मग तिने विचारलं, तेव्हा त्यांची आई नव्हती ना?

नव्हती, मी म्हटलं. तेहतीस वर्षं झाली होती तिला जाऊन.

तिने मान डोलावली, खिशातला घडी घातलेला कागद काढला आणि आजीची गोष्ट वाचून दाखवायला आत गेली.