रेव्हरंड टिळक : कृतज्ञतेची एक वाट

'फुलामुलांचे कवी' म्हणून नारायण वामन टिळकांची ओळख आपणा सर्वांना शालेय जीवनातच होते. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता वाचताना ज्याचे मन हलले नाही असा विद्यार्थी विरळाच. मात्र कवीच्या नावाआधी छापलेला 'रेव्हरंड' हा शब्द आपण सहसा ओलांडून पुढे जातो. त्या एका शब्दासाठी या माणसाने काय दिले आणि त्याला काय मिळाले, हे जाणून घ्यावे म्हणून मी त्यांचे चरित्र वाचावयास घेतले. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, टिळकांचे ख्रिस्ती होणे ही केवळ धर्म बदलल्याची हकीकत नाही. फुकट मिळालेल्या एका मोठ्या देणगीला माणसाने उत्तर कसे द्यावे, याचा तो आयुष्यभराचा शोध आहे.

आपल्या भागाशीही या चरित्राचा एक धागा जुळलेला आहे. टिळकांचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि त्या नोकरीच्या निमित्ताने त्यांचे बिऱ्हाड मुरबाडला होते. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहान वयात सून म्हणून मुरबाडच्या त्या घरात राहिल्या. पुढे ज्यांच्या 'स्मृतिचित्रे'ने मराठी आत्मचरित्राला नवे वळण दिले, त्या बाईंनी सासुरवासाचे पहिले धडे आपल्या शेजारच्या तालुक्यात गिरविले, ही गोष्ट शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींनी विसरू नये.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई जानकीबाई भाविक होती. भक्तीची आणि काव्याची गोडी त्यांना तिच्याकडून लाभली. वडील मात्र तापट व करड्या स्वभावाचे. आई लवकर गेली आणि घर पारखे झाले. पोरवयातच नारायण घराबाहेर पडला आणि नाशिकला पोहोचला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्याने संस्कृतचे अध्ययन केले. 1880 साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्याची पत्नी झाली. त्याच या लक्ष्मीबाई. पण संसारात स्वस्थ बसणे टिळकांच्या स्वभावात नव्हते. आज या गावी शिक्षक, तर उद्या दुसऱ्या गावी कीर्तनकार. मध्येच घर सोडून निघून जाणे. देशाचे भले कशाने होईल, सर्वांना समान लेखणारा धर्म कोणता, हे प्रश्न त्यांचा पिच्छा सोडीत नव्हते. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी धर्मग्रंथांचा अभ्यास केला, 'ऋषि' नावाचे मासिक चालविले. स्वतःची काही धर्मतत्त्वेही त्यांनी मनाशी बांधली होती. त्यांत मूर्तिपूजेला आणि जातिभेदाला स्थान नव्हते.

मुंबईहून नाशिककडे आणि पुढे नागपूरकडे जाणारा लोहमार्ग आमच्या आटगावातून जातो. टिळक जन्मले त्याच 1861 साली तो कसाऱ्यापर्यंत पोहोचला होता. याच मार्गाच्या दूरच्या टोकाला, नागपूरहून राजनांदगावला जात असताना, 1893 साली टिळकांच्या आयुष्याचा सांधा बदलला. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. साहेब आपल्याशी उद्दामपणे वागणार अशी टिळकांची अपेक्षा. पण ते गृहस्थ अदबीने वागले. संस्कृत काव्यावरून बोलणे धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत वेडगळ वाटले. पण शब्द दिला होता म्हणून ते वाचीत गेले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थबकले. ज्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी मोठमोठ्या ग्रंथांत धुंडाळली होती, ती तेथे साध्या शब्दांत उभी होती.

येथे ख्रिस्ती धर्मातील एक कल्पना समजून घेणे अवश्य आहे. तारण हे पुण्याच्या मोबदल्यात मिळत नाही, असे हा धर्म मानतो. ते देवाचे दान आहे. माणसाने विश्वासाने ते हाती घ्यावयाचे आणि मग उपकारस्तुती करीत जगावयाचे. सत्कृत्ये करावयाची ती काही मिळवावे म्हणून नव्हे. मिळालेले आहे म्हणून. ज्या माणसाने तिशीपर्यंत व्रते, योग, तत्त्वज्ञान अशा साऱ्या वाटा स्वतःच्या बळावर चालून पाहिल्या, त्याला ही कल्पना किती नवी वाटली असेल! आपल्याकडील संतांनाही कृपेचे हे मर्म ठाऊक होते. तुकोबांच्या अभंगांनीच आपल्याला ख्रिस्ताच्या पायापर्यंत आणून पोहोचविले, असे टिळक पुढे सांगत असत.

10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस भायखळ्याच्या अमेरिकन मिशनच्या मंदिरात टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता तुकारामजी नथोजी या आपल्याच देशातील पाळकाच्या हातून घेतला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ख्रिस्ताला शरण जाताना साहेबाला शरण जावयाचे नाही, हा निश्चय त्या कृतीत दिसतो.

पण या निश्चयाची किंमत कोणी मोजली? आप्तेष्ट दुरावले ते टिळकांचे. आकाश कोसळले ते लक्ष्मीबाईंवर. नवरा जिवंत असून संसार मोडला, पदरी लहानगा दत्तू, आणि लोकांच्या नजरा. काही वर्षे त्या नातेवाइकांकडे राहिल्या. एकाच्या श्रद्धेचा भार दुसऱ्याने का वाहावा, हा प्रश्न मला हे चरित्र वाचताना टाळता आला नाही, आणि कोणाही प्रामाणिक वाचकाने तो टाळू नये. टिळकांची थोरवी सांगताना या बाईचे अश्रू पुसून टाकणे हा अन्यायच होईल. इतके मात्र खरे की, टिळकांनी बायकोवर धर्माची सक्ती केली नाही. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई आपले सोवळे सांभाळीत होत्या. एक दिवस स्वतःच्याच विचाराने त्यांच्या मनातून जातिभेद गळून पडला, आणि 1900 साली त्यांनी दत्तूसह बाप्तिस्मा घेतला. दान घ्यावयाचे ते ज्याचे त्याने आपल्या हाताने, हेच त्यांच्याही बाबतीत घडले.

टिळकांचे पुढील आयुष्य मुख्यतः अहमदनगर आणि राहुरी येथे गेले. तेथे ते धर्मशिक्षण देत; 1904 साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. अनाथ, निराश्रित यांना त्यांच्या घराचे दार उघडे असे. बालकवी ठोमरे नगरला त्यांच्याच घरी राहिले. टिळकांनी त्यांना पुत्रवत वागविले. ठोमऱ्यांना ख्रिस्ती करावे म्हणून हे घर उघडले नव्हते आणि ठोमरे ख्रिस्ती झालेही नाहीत. मला वाटते, कृतज्ञतेची कसोटी येथेच लागते. ज्याला फुकट मिळाले, तो देताना हिशेब मांडीत नाही.

मराठी ख्रिस्ती मंडळीवर टिळकांचा सर्वांत मोठा उपकार तो त्यांच्या गीतांचा. त्या काळी उपासनेत गायिली जाणारी बरीचशी गीते इंग्रजीची भाषांतरे होती आणि त्यांच्या चालीही परक्या. खेड्यातला माणूस ती म्हणे, पण त्याचे मन त्यांत रमत नसे. आभार मानावयाचे ते आईच्या भाषेत, हे टिळकांनी ओळखले. त्यांनी अभंग रचले, भजने रचली, टाळमृदंगावर ख्रिस्ताची कीर्तने केली. त्यांची शेकडो गीते मराठी मंडळ्यांत रूढ झाली आणि आजही गायिली जातात. आमच्या भागात हरिनाम सप्ताहाचे सूर कानी घेऊन वाढलेल्या माझ्यासारख्याला 'अभंगांजली' परकी वाटली नाही, याचे कारण हेच. ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करणारे 'ख्रिस्तायन'ही त्यांनी आरंभिले. ते त्यांच्या हयातीत पुरे झाले नाही. मागे लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. जिने एके काळी या ख्रिस्तापायी सर्वस्व गमावले असे मानले होते, तिनेच नवऱ्याची अपुरी ओवी हाती घ्यावी, यात सारे आले.

1917 साली टिळकांनी आणखी एक पाऊल टाकले. मिशनचा पगार त्यांनी सोडला. देवाच्या उपकाराची फेड म्हणून जे करावयाचे, त्याचे वेतन दरमहा मोजून घेणे त्यांच्या मनाला टोचू लागले होते. शिवाय, पगारासाठीच हे लोक धर्म सांगतात, हा लोकांचा आक्षेप त्यांना ठाऊक होता. साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' उघडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तेथे जागा होती. पन्नाशी उलटलेल्या, प्रकृती ढासळलेल्या माणसाने निश्चित उत्पन्न सोडून द्यावे, याला व्यवहारात शहाणपण म्हणत नाहीत. पण विश्वास हा शब्द नुसता उच्चारावयाचा नसेल, तर त्याला असेच कोठेतरी पाऊल ठेवावे लागते.

दरबार फार दिवस बहरला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईस टिळकांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन करण्यात आले. शेवटची रीतही या मातीचीच राहिली.

आपण विद्यार्थी सारे काही मोजण्यास शिकतो : गुण, शिष्यवृत्ती, उद्याचा पगार. जे मिळाले ते आपल्या श्रमाचे, असे मानण्याची सवय आपल्याला लवकर लागते. आईबापांचे कष्ट, गुरुजनांची माया, आपल्याआधी कोणीतरी बोलून ठेवलेली भाषा, यांतले काहीच आपण कमावलेले नसते. टिळकांचा धर्म आपला असो वा नसो, त्यांच्या आयुष्याने घातलेला प्रश्न आपल्याला चुकविता येत नाही. न कमावता जे मिळाले, त्याचे उत्तर आपण कशाने देणार? टिळकांनी ते आयुष्य देऊन दिले, आणि तरीही ते ऋण फिटले असे त्यांनी कधी मानले नाही.